सूर बरोबर, सा चुकीचा

गिटारवर बीटल्सच्या १९६८ च्या 'हे ज्यूड'चा शेवटचा लांबलचक भाग बसवत होतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर) तीनच, तिन्ही मेजर, म्हणजे आपल्या सा, शुद्ध ग, प सारख्या: एफ, ई-फ्लॅट, बी-फ्लॅट, परत एफ. पाठ केलेला नियम असा, की मेजर स्केलमध्ये, म्हणजे आपल्या सात शुद्ध सुरांत, मेजर कॉर्ड येतात पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरावर. या तिन्ही एकत्र बसतात त्या फक्त बी-फ्लॅटमध्ये. झालं, गाण्याची 'की' म्हणजे पट्टी सापडली!

सोलो वाजवला. एकही सूर खटकला नाही, पण ओळ बी-फ्लॅटवर संपवली की जिन्यात मधेच उभं राहिल्यासारखं वाटायचं. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी आईची पेटी काढली. गाणं चालू ठेवून एकेक सूर धरून पाहिला. एफ धरला आणि दर फेरीला गाणं घरी आलं. म्हणजे सा एफ. मग ई-फ्लॅट कोण? कोमल नी! त्या कॉर्डचे सूर कोमल नी, रे, म. एफच्या मेजर स्केलला परका पाहुणा एकच, तो कोमल नी. बाकी सगळे शुद्ध, फक्त नी कोमल: हा तर आपला खमाज थाट. बी-फ्लॅट मेजरचेही सात सूर हेच, फक्त सा वेगळा, म्हणून तर मी फसलो. रॉकमध्ये ही कोमल नीवरची मेजर कॉर्ड सर्रास भेटते, आणि मेजर स्केलच्या तक्त्यात शोधणारा चकतो.

आता ओळ एफवर सोडतो, कधी ए वर, म्हणजे शुद्ध गंधारावर. फक्त ई-फ्लॅट चालू असताना तो ए जाम कुरकुरतो, तिथे टाळतो.