नवा स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचा की नाही, हे घरच्या घरी कसं ठरवावं

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून मावशीचा फोन आला. "अरे, टीव्ही लावला की नुसतं गोल गोल फिरालंय. तो नवीन बॉक्स मिळतोय म्हणे, घेऊ काय?" तिचा टीव्ही ४३ इंची, सहा-सात वर्षांचा, पण चित्र अजून लख्ख. म्हटलं, थांब, आधी येऊन बघतो. बेळगावहून जाताना माझी स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून नेटवरचे कार्यक्रम दाखवणारा बॉक्सचाच छोटा भाऊ, खिशात टाकून नेली आणि तिच्या टीव्हीला लावली. तिच्यावरही गोल गोल फिरणं चालूच. मग राउटर माजघराच्या पलीकडच्या कोनाड्यातून उचलून सोप्यात आणला आणि स्टिक काढून ठेवली. जुना टीव्ही आपला आपण सुरळीत चालू लागला. खर्च काय झाला, तर पाच-सहा मीटर वायर.

त्यानंतर दिवाळीत मी स्वतःच्या घरी बॉक्स घेतला, आणि तो योग्यच होता. दोन्ही वेळा तपासलं ते एकच, उत्तरं मात्र वेगळी आली. तुम्हीही दुकानात जायच्या आधी याच क्रमानं तपासा.

आधी पंधरा दिवस वहीत लिहा

घरात कोण काय बघतं, हे अंदाजानं सांगू नका, लिहून काढा. आमच्या घरची वही अशी निघाली: आईच्या दोन मराठी मालिका, बाबांचं क्रिकेट आणि यूट्यूबवरची कीर्तनं, मुलीचे कन्नड आणि इंग्रजी कार्टून, आणि रात्री केबलवरच्या गावच्या बातम्या.

सीमाभागात या वहीला जरा जास्तच महत्त्व आहे. केबलचं पॅकेज कर्नाटकाचं, त्यात कन्नड वाहिन्या भरपूर, आणि मराठी हव्या असतील तर केबलवाल्याला सांगून वेगळ्या घालून घ्यायच्या, असं आमच्या गल्लीत तरी चालतं. म्हणून बॉक्सचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो "मराठी सगळं दिसतंय काय" हाच. दिसतं, पण एका ठिकाणी नाही. झी मराठीच्या मालिका झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. म्हणजे आईच्या दोन मालिका दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर असतील, तर वर्गणीही दोन ठिकाणी. हा हिशेब पुढे येतोच.

बॉक्सवर सहसा न मिळणारी गोष्ट म्हणजे गावची केबल. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीचं रात्रभराचं थेट प्रक्षेपण, पाणी कधी येणार, कुठली गल्ली खणली, हे सगळं स्थानिक वाहिनीवर असतं. काही वाहिन्या यूट्यूबवर येतात, सगळ्या नाही. आपली येते का, ते मोबाइलवर शोधून बघा. येत नसेल तर बॉक्स आला त्याच दिवशी केबल बंद करू नका. बाबा दुसऱ्याच दिवशी विचारणार.

दुखणं टीव्हीचं की नेटचं, ते शोधा

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक हेच सोडून देतात.

रात्री नऊला, म्हणजे सगळ्या गल्लीचे टीव्ही चालू असताना, मोबाइल टीव्हीला टेकवून धरा. वायफायवर फास्ट डॉट कॉम उघडा आणि आकडा बघा, तो नेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतो. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे ७२० पी म्हणजे साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस लागतात, १०८० पी म्हणजे फुल एचडीला ५, आणि त्याहूनही बारीक तपशिलाच्या ४के ला १५. राउटरशेजारी ४० आणि टीव्हीपाशी ४ येत असतील, तर वाट भिंतीनं अडवली आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडी, हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण अशा दोन भिंती ओलांडताना ते दमतं. २.४ गिगाहर्ट्झचं पलीकडे पोचतं, पण सावकाश. राउटर हलवा, नाहीतर टीव्हीपर्यंत लॅनची, म्हणजे राउटरमधून थेट नेट आणणारी, वायर ओढा. वायर ओढायचीच असेल तर एक लक्षात ठेवा, बहुतेक स्टिकना लॅनचं भोक नसतं, ॲडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. महागड्या बॉक्समध्येही गृहीत धरू नका. ॲपल टीव्ही ४के च्या २०२२ च्या आवृत्तीत लॅन फक्त १२८ जीबीवाल्यात आहे, ६४ वाल्यात नाही.

जांबोटी-कणकुंबीकडे किंवा मळ्यातल्या घरी फायबर पोचलेलं नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवायचा बेत असेल, तर आधी गुणाकार करा. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, ४के ७ जीबीपर्यंत. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये अर्धा सिनेमासुद्धा धड बसत नाही. तिथे डीडी फ्री डिशची छत्री लावलेली बरी, तिला महिन्याचं भाडं नाही.

आता उलटी तऱ्हा. टीव्हीशेजारी धरलेल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ झकास चालतो आणि टीव्हीवर मात्र अडखळतो. मग दोष टीव्हीच्या डोक्यात आहे. स्वस्त स्मार्ट टीव्हीत १ जीबी रॅम असते, साठवण ८ जीबी, आणि ॲप दरवर्षी जाडजूड होत जातात. तरी लगेच बाजारात पळू नका. न लागणारी ॲप काढून टाका, कॅशे (ॲपनं साठवलेला तात्पुरता कचरा) साफ करा, सॉफ्टवेअर अपडेट आहे का बघा, शेवटी फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे टीव्ही नव्यासारखा कोरा होतो. त्याआधी पासवर्ड कागदावर उतरवून घ्या, नाहीतर भाचा पुण्याहून येईपर्यंत टीव्ही मुका. एवढं करूनही झी५ उघडायला दोन मिनिटं लागत असतील किंवा ॲपच "या उपकरणावर चालत नाही" म्हणत असेल, तर बॉक्सचा विचार खराच करायचा. माझ्या घरी नेमकं हेच झालं होतं: पॅनेल म्हणजे पडदा उत्तम, आणि डोकं म्हातारं.

टीव्हीच्या पाठीमागे बॅटरी मारून बघा

एचडीएमआयचं, म्हणजे बॉक्स किंवा स्टिक जिथे लावतात ते, एक भोक रिकामं आहे का? नसेल तर केबलचा बॉक्स रोज काढ-घाल करावा लागेल, आणि चार महिन्यांत भोक सैल होईल.

टीव्ही "एचडी रेडी" असेल, ३२ इंची बरेचसे तसेच असतात, तर ४के बॉक्सचे जादा पैसे चित्राच्या नावानं देऊ नका. तो पडदा ४के दाखवूच शकत नाही. टीव्ही ४के असेल तर एचडीसीपी २.२ (४के ची नक्कल रोखणारं कुलूप) चालणारं भोक कुठलं, ते पुस्तिकेत बघा. जुन्या ४के टीव्हींत ते कधी कधी एकच असतं, आणि दुसऱ्यात घातलं की ४के येतच नाही.

स्टिकला वीज तिच्याबरोबर आलेल्या ॲडॅप्टरनंच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून पुष्कळदा अर्धाच अँपिअर मिळतो. मग स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा चालू होते आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा जुना डबा टीव्ही असेल तर कन्व्हर्टर मिळतो, पण अक्षरं वाचता येत नाहीत. त्यापेक्षा राहू द्या.

वर्गणीचा कागद मांडा

बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, वर्गणी मात्र दर महिन्याला. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा ते असे ठरले: मोबाइलचा १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९, प्रीमियम ६४९. मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. बेसिकवर चित्र ७२० पी पर्यंत, आणि ४के फक्त प्रीमियमवर. म्हणजे १९९ ची वर्गणी भरून ४के बॉक्स घेतला, तर सायकलला ट्रॅक्टरचं टायर बसवल्यासारखं. रिचार्जबरोबर फुकट मिळालेल्या वर्गण्याही नीट वाचा. त्यातल्या कितीतरी फक्त मोबाइलपुरत्या असतात, टीव्हीवर लॉगिन करायला गेलं की पैसे मागतात.

वहीतली नावं घ्या, प्रत्येकापुढे आजची टीव्हीवर चालणारी वर्गणी लिहा, वर्षाची बेरीज करा, आणि शेजारी केबलचं वर्षाचं बिल मांडा. केबल बंद करणार नसाल तर हा सगळा वरखर्च आहे, हे घरात आधीच स्पष्ट होऊ द्या. फायबरवाल्याकडेही विचारा. काही प्लॅनबरोबर बॉक्स आणि चार-पाच ॲप येतात, मग वेगळी खरेदी कशाला?

कुठला घ्यायचा नाही, ते आधी ठरवा

इथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून नाव नसलेला अँड्रॉइड बॉक्स घेतला. डब्यावर ४के, ८के, काय नव्हतं! घरी आणून लावला तर यूट्यूब छान आणि सिनेमाची ॲप धुरकट. कारण नंतर कळलं. मोठी ॲप वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था वापरतात. तिची एल१ पातळी असलेल्या उपकरणालाच एचडी चित्र मिळतं, एल३ असेल तर साधारण ४८० पी वर थांबतं. माझा एल३ होता. डीआरएम इन्फो नावाचं फुकट ॲप टाकलं की ही पातळी दिसते. आता दुकानात डेमो लावला असेल तर मी पहिल्यांदा तेच उघडून बघतो.

धुरकट चित्र परवडलं, पण असल्या बॉक्समध्ये दुसरंही भय आहे. बॅडबॉक्स २.० नावाचा घातक प्रोग्रॅम अशा स्वस्त, प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्समध्ये आधीपासूनच भरलेला सापडला आणि अमेरिकेच्या एफबीआयनं जून २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला. असा बॉक्स तुमच्या वायफायवर बसून तुमच्याच नेटमधून दुसऱ्यांची काळी कामं करतो. "सगळी चॅनेल फुकट, जन्मभर" असं कोणी सांगितलं की पाय काढता घ्या. डब्यावर आर अक्षरानं सुरू होणारा बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून बघा.

चांगल्या नावाचा बॉक्ससुद्धा जन्माचा नसतो. ॲमेझॉनच्या पहिल्या पिढीच्या फायर टीव्ही स्टिकवर जून २०२५ पासून नेटफ्लिक्स चालेनासं झालं. त्याच वर्षी ९ मार्चला गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, तेही टीव्हीला लावायचंच उपकरण, जगभर एकाएकी बंद पडले, कारण आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. गूगलनं नंतर दुरुस्ती पाठवली. म्हणून सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारं जुनं मॉडेल दिसलं की ते कुठल्या साली आलं ते शोधा. मी बॉक्सचं आयुष्य पाच वर्षं धरतो आणि किंमत पाचानं भागतो. वर्षाला हजाराच्या आत बसलं तर माझ्या हिशेबी चालतं.

ॲपच्या दुकानाबाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, आणून ॲप टाकायची सवय असेल तर आणखी एक अडचण. ॲमेझॉनच्या २०२५ मधल्या ४के सिलेक्ट स्टिकमध्ये वेगा नावाची नवी प्रणाली आहे, ती अँड्रॉइड नाही, आणि त्यावर हे चालत नाही.

रिमोट हातात घेऊन बघा. घरात वडीलधारी माणसं असतील तर मी रॅमच्याही आधी रिमोट बघतो. फायर टीव्ही स्टिक लाइटच्या रिमोटवर टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायची बटणंच नाहीत, म्हणजे आईच्या मांडीवर कायम दोन रिमोट. बोलून शोधायचं असेल तर फायर टीव्हीच्या अलेक्साशी हिंदी किंवा इंग्रजीत बोलावं लागतं. आमच्या आईनं तिच्याशी बेळगावी मराठीत बोलून बघितलं. लागलं भलतंच, पण घरात हसू मात्र भरपूर झालं.

नवा टीव्हीच घेतला तर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पॅनेलवर रेघा आल्या असतील किंवा कडा काळवंडल्या असतील, तर त्याला नवा बॉक्स लावणं म्हणजे मोडक्या चुलीवर नवं पातेलं. पॅनेल शाबूत असेल तर बॉक्स घ्या. यात मला कधी दुमत वाटलं नाही.

घेतलाच, तर पहिल्या तीन दिवसांत

ऑनलाइन घेताना परतीची अट वाचून घ्या, पुष्कळदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त वस्तू बदलून देतात. दुकानातून घेत असाल तर जीएसटीचं बिल घ्या आणि दुरुस्ती बेळगावातच होते की हुबळीला पाठवावं लागतं, हे विचारा.

घरी आल्यावर वहीतलं प्रत्येक ॲप उघडून दहा-दहा मिनिटं चालवा. आमच्याकडे पहिल्यांदा लावलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी कन्नड मालिका पुढे आल्या, मराठी खाली कुठेतरी. सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडली आणि आई, बाबा, मुलगी अशी वेगळी प्रोफाइल केली, तेव्हा प्रत्येकाला आपापलं दिसायला लागलं. मुलीचं कन्नड तिच्यापाशी, आईचं मराठी आईपाशी. एका संध्याकाळी तासभर क्रिकेट लावून ठेवा, मग स्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसत असेल तर बरोबर आलेली छोटी एचडीएमआय वायर लावून ती टीव्हीच्या पाठीपासून लांब करा.

पावसात वीज जाते तेव्हाचीही परीक्षा घ्या. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स चालू, पण फायबरचा मोडेम साध्या प्लगवर असेल, तर पडद्यावर नुसता निळा पट्टा दिसतो. मोडेम आणि राउटर बहुधा १२ व्होल्टचे असतात, ॲडॅप्टरवर बघून घ्या, त्यांना छोटा यूपीएस मिळतो. मावशीनं बॉक्सच्या वाचलेल्या पैशातून शेवटी तोच घेतला.