पार्टीने अवॉर्डला चॅलेंज केलंय? आधी ७५ टक्के भरलेत का ते बघा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे, रबाळे, महापे, तुर्भेच्या छोट्या युनिटवाल्यांसाठी लिहितोय. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलचा अवॉर्ड (निकाल) आपल्या बाजूने लागला की माल घेऊन पैसे थकवणारी पार्टी तो रद्द करायला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात जाते, नोटीस बघून आपला माणूस घाबरतो आणि निम्म्यावर सेटल करून मोकळा होतो. प्लीज असं करू नका, हक्काचे पैसे आहेत तुमचे.

एमएसएमईडी कायदा २००६ (छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा), कलम १९ नीट वाचा. अवॉर्डच्या रकमेच्या ७५ टक्के कोर्टात जमा केल्याशिवाय बायरचा अर्ज कोर्ट ऐकूनच घेत नाही. (सप्लायर स्वतः चॅलेंज करत असेल तर त्याला ही अट नाही.) सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये आस्का इक्विपमेंट्सच्या केसमध्ये सांगितलंय की ही रक्कम भरावीच लागते, फारच अडचण असेल तर हप्ते मिळू शकतात पण माफी नाही.

खरी गडबड आकड्यात होते. समजा बिलं १२ लाखांची आणि अवॉर्डमध्ये व्याज ८ लाख, तर ७५ टक्के २० लाखांवर धरायचे, म्हणजे १५ लाख. समोरचा फक्त मुद्दलावर ९ लाख भरून "डिपॉझिट झालं" म्हणेल, तर मान्य करू नका. याच कायद्याच्या कलम १६ चं (थकलेल्या बिलावरचं) व्याज आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ असतं, त्यामुळे जुन्या बिलांवर ते मुद्दलाच्या जवळ जातं, आणि नेमकं तेच गाळायला बघतात.

म्हणून नोटीस आली की त्याच दिवशी वकिलाला सांगा, पैसे जमा झालेत का, किती, ते आधी काढा आणि कमी असतील तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. अर्ज मुदतीत आहे का तेही बघा, अवॉर्डची कॉपी मिळाल्यापासून ३ महिने, वर कोर्टाने सबळ कारण मानलं तर फार तर ३० दिवस.

पैसे जमा झाले की गप्प बसून राहू नका!! केस चालू असतानाच त्यातला काही भाग सप्लायरला द्यायचा आदेश कोर्ट कलम १९ खालीच देऊ शकतं, किती आणि कुठल्या अटीवर ते कोर्ट ठरवतं. त्यासाठी वेगळा अर्ज टाका आणि थकलेला पगार, बँकेचा हप्ता, कच्च्या मालाची उधारी, सगळं कागदासकट दाखवा.