शहरातल्या गच्चीवरून जास्त तारे दिसण्यासाठी: एक गडद टॉवेल

गच्चीवर गेलं तरी पाच-दहा ताऱ्यांपलीकडे काही दिसत नाही? आकाश उजळलेलं असतंच, पण निम्मा त्रास डोळ्यात शिरणाऱ्या शेजारच्या दिव्यांचा असतो. तेवढा नक्की टाळता येतो.

१. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. पाऊस पडून गेल्यावर आकाश उघडलं, तर ती संधी सोडू नका, धूळ बसलेली असते.

२. पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत आरामखुर्ची टाका. रस्त्यावरचा एकही दिवा थेट दिसायला नको.

३. डोक्यावरून गडद टॉवेल असा ओढा की समोर फक्त आकाश उरेल. किमान वीस मिनिटं थांबा. मोबाइल खिशातच राहू द्या. एकदा पाहिलात की पुन्हा पहिल्यापासून वाट पाहणं आलं.

४. क्षितिजाजवळ शोधू नका, तिथे उजेड सर्वांत जास्त. जे उंचावर आहे तेच बघा. फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला चांगलं वर आलेलं असतं. बाणाच्या, म्हणजे एका सरळ रेषेतल्या तीन ताऱ्यांखाली अंधूक ठिपक्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्याकडे रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवा. साधी १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण असेल तर त्या ओळीच्या मधोमध धुरकट डाग दिसतो, तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग. सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा, आणि तरी भर शहरातून दिसणारा!

टॉवेल मात्र खुर्चीत बसल्यावरच डोक्यावर घ्या, तो घेऊन कठड्याजवळ फिरू नका.