कपाशीच्या पाहणीसाठी थ्रीडी प्रिंटरवर भिंग कसे तयार करावे

खानदेशात कपाशीच्या पानामागचे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे फुलकिडे नीट पाहायचे असतील, तर पाचपट मोठे दाखवणारे भिंग पुरते. असे एखादेच भिंग हवे असल्यास ते विकत घेणेच सोयीचे. परंतु ठरावीक मापाचे, आपल्याच चौकटीत बसणारे भिंग हवे असेल किंवा विद्यार्थ्यांना प्रकाशाचे वर्तन हाताने करून शिकवायचे असेल, तर रेझिनच्या, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या, थ्रीडी प्रिंटरवर ते घडवता येते. प्लॅस्टिकची तार वितळवणारा प्रिंटर येथे कामाचा नाही, कारण तारेच्या थरांमध्ये हवा अडकते आणि वस्तू धुरकट होते.

आधी आकार ठरवावा. पारदर्शक रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, साधारण 1.5 असतो. एका बाजूने सपाट असलेल्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर (भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जेथे स्पष्ट पडते तेथपर्यंतचे अंतर) म्हणजे वक्रता त्रिज्या भागिले 0.5 (अपवर्तनांक वजा 1), म्हणून 25 मिमी त्रिज्येला 50 मिमी नाभीय अंतर मिळते आणि वस्तू पाचपट दिसते. व्यास 20 मिमी ठेवल्यास फुगवटा सुमारे 2.1 मिमी येतो. कडेला 1.5 मिमी जाडी ठेवावी.

सपाट बाजू प्रिंटरच्या पाटावर ठेवून 0.025 मिमीच्या थरांनी छपाई करावी, म्हणजे छपाईत वेगळे आधार लागत नाहीत आणि थरांच्या पायऱ्या एककेंद्री वर्तुळांत येतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे तापमान 40 अंशांपुढे जाते, तेव्हा हे काम थंड खोलीत आणि खिडकीच्या उन्हापासून दूर करावे, कारण उन्हाने टाकीतले रेझिनच घट्ट होऊ लागते. हातमोजे न चुकता घालावेत. छापलेला तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडाच वेळ धुवावा. जास्त वेळ ठेवल्यास पृष्ठभाग पांढुरका पडतो.

प्रिंटर केवळ आकार देतो. पारदर्शकता पुढच्या कामातून येते आणि खरा वेळ तेथेच द्यावा. इतके पातळ थर असूनही माथ्यावर सुमारे 2 मिमी रुंदीची सपाट चकती उरते आणि भोवतालच्या पायऱ्यांवर प्रकाश विखुरतो. त्याच फाइलवरून भिंगाच्या उलट आकाराची खोलगट वाटी छापावी, तिच्यात ओला वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचा घासकागद) बसवून 800 पासून 2000 क्रमांकापर्यंत घासावे, म्हणजे वक्रता बिघडत नाही. आरशासारखी चकाकी आणण्याची गरज नाही. धुऊन वाळवलेल्या भिंगावर त्याच रेझिनचा थेंब टाकून संगणकाच्या पंख्यावर ते फिरवावे. पसरलेला पातळ थर ओरखडे भरून काढतो आणि अपवर्तनांक एकच असल्याने आतल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. धूळ येथे सर्वांत मोठी शत्रू आहे, म्हणून वारा उठण्याआधी, सकाळीच हे करावे. सपाट बाजूसाठी काचेवर एफईपी फिल्म (रेझिन न चिकटणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा) ताणून, तिच्यावर रेझिनचा थेंब ठेवून भिंग दाबावे आणि काचेखालून प्रकाश द्यावा.

405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली थर आधी थोडा धरू द्यावा आणि मग भिंग पाण्यात बुडवून पक्के करावे, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा चिकट राहतो. दिवा गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवल्यास पिवळेपणा येतो.

शेवटी दूरच्या झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची प्रतिमा कागदावर पाडावी. सूर्याकडे भिंग कधीही धरू नये. प्रतिमा स्पष्ट होते तेथपर्यंतचे अंतर 50 मिमीपेक्षा जास्त भरले, तर घासण्यात फुगवटा कमी झालेला असतो. पुढच्या छपाईत त्रिज्या त्या प्रमाणात कमी धरावी.