घरातल्या झाडांवरचे मिलीबग कसे घालवायचे

देठाच्या खोबणीत किंवा कोवळ्या शेंड्यात पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतंय? ते मिलीबग, आपले पिठ्या ढेकूण. क्रोटन, कोलियस, जेड, खिडकीतली जास्वंद, यांच्यावर हमखास येतात. पान हाताला चिकट लागत असेल किंवा कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी पानं उलटी करून बघा, कारण मुंग्या त्या गोड चिकट्यासाठीच येतात आणि वर मिलीबगची पिल्लं दुसऱ्या झाडावर पण नेऊन सोडतात.

दिसल्या दिसल्या ते झाड बाजूला काढा. पानाला पान लागता कामा नये. फार भरलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

मग मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इअरबड त्यात बुडवून एकेका किड्याला लावा, त्यांच्या अंगावरचा मेण विरघळतो आणि किडा मरतो. वेळखाऊ काम आहे पण हे चुकवू नका, कारण त्या मेणावरून पाणी नुसतं ओघळून जातं. नंतर मातीवर प्लॅस्टिक गुंडाळून झाड नळाखाली पानांच्या खालून धुवून घ्या.

आता फवारणी. १ लिटर कोमट पाणी, ५ मिली निंबोळी तेल, १-२ मिली लिक्विड सोप. आधी तेल आणि सोप एकत्र फेटा मगच पाण्यात घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. संध्याकाळीच मारा, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा, जेडसारख्या जाड पानांना आणि फर्नला कधीकधी सोसत नाही.

आणि इथेच बहुतेक जण चुकतात, एकदा मारतात आणि म्हणतात निंबोळी तेलाने काही होत नाही. अहो, एक मादी त्या कापसात शेकडो अंडी घालते आणि अंड्यांपर्यंत फवारा नीट पोचतच नाही, पण नुकत्या निघालेल्या पिल्लांच्या अंगावर अजून मेण नसतो, ती सापडतात. म्हणून दर ७ दिवसांनी, सलग ४ वेळा. माझं क्रोटन मी दोन फवारण्यांनंतर स्वच्छ दिसलं म्हणून सोडून दिलं होतं, तिसऱ्या आठवड्यात सगळे शेंडे पुन्हा पांढरे.

चार वेळा मारूनही झाड मलूलच असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर माती फेकून द्या, मुळं धुवा, कुंडी साबणाने घासा आणि नव्या मातीत लावा. या काळात युरिया वगैरे खत अजिबात नको, खताने आलेली लुसलुशीत पालवी या किडीला फार आवडते.

शेतीसाठीची उग्र औषधं घरात कृपया मारू नका, लहान मुलं, मांजर सगळे त्याच हवेत असतात. द्राक्षबागेत मिलीबग खाणारे लेडीबर्ड भुंगेरे सोडतात, ते बागेत छान, बंद खोलीत टिकत नाहीत.

शेवटच्या फवारणीनंतर दोन आठवडे एकही पांढरा ठिपका दिसला नाही तरच झाड परत जागेवर ठेवा. नर्सरीतून आणलेलं नवीन झाडसुद्धा तेवढेच दिवस वेगळं ठेवा.