वाटेत सापडलेली नाणी आणि चिमुकल्या वस्तू: काय उचलावं, कसं सांभाळावं

सकाळी ऊन तिरपं असताना निघा आणि सूर्याकडे तोंड करून चाला. तेवढ्या उजेडात मातीतला धातू लगेच चमकतो. मी टपाल खात्यात बटवड्याला होतो, नाशिकच्या पंचवटीच्या गल्ल्या पायी फिरलो, आणि खाली बघत चालायची सवय मला तिथेच लागली.

जिथे माणसं खिशात हात घालतात तिथे पैसे पडतात. चहाच्या टपरीसमोर बघा, रिक्षा स्टँडवर बघा. गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदाकाठचा, बुधवारचा बाजार उठला की गुरुवारी सकाळी तिकडे एक फेरी मारा, झाडणारे यायच्या आत. गतिरोधकाच्या पुढची जागा मला फार आवडते. दुचाकी उसळली की वरच्या खिशातलं नाणं उडून तिथेच पडतं. पहिल्या पावसाने कडेची माती धुऊन गेली की जुनी नाणी वर येतात. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर मात्र चाव्या आणि कानातल्यांच्या फिरक्याच जास्त.

आता काय उचलायचं नाही ते. गोदावरीवरच्या रामकुंडातलं नाणं हरवलेलं नसतं, कुणीतरी हात जोडून सोडलेलं असतं. दोरीला लोहचुंबक बांधून जी मुलं तिथे पैसे काढतात, त्यांचं पोट त्यावर आहे; त्यांच्या वाट्याला आपण जायचं नाही. चौकातल्या उताऱ्यातला, हळदकुंकू लागलेला रुपयाही तसाच राहू द्या.

दागिना, चावी, पाकीट सापडलं तर आधी मालक शोधायचा. जवळच्या फुलवालीला किंवा टपरीवाल्याला सांगून ठेवा, कारण ज्याचं हरवलंय तो माणूस पहिल्यांदा तिथेच विचारायला येतो. पण वस्तूचं वर्णन करू नका. ‘एक जोडवं मिळालंय’ एवढंच म्हणा. त्यावर नक्षी कसली, ते मागणाऱ्याने सांगावं. १८७२ च्या करार कायद्यानुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती नीट सांभाळणं आपल्यावर येतं. सोनं असेल तर सरळ पोलीस ठाण्यात द्या आणि पोहोच घ्या. एखाद्या बाईचं जोडवं तिच्या हातात परत पडतं, तेव्हा तिचा चेहरा बघावा. मला त्यापुढे कुठलंही दुर्मीळ नाणं नको.

मालक लागणारच नाही अशी सुटी नाणी, मणी, बटणं, पैंजणाची घुंगरं घरी येतात. नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. वरचा काळपट थर गेला की नाण्याची रयाच जाते. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, सुती कापडाने टिपा. मग कागदी पाकिटात ठेवा आणि वर तारीख व जागा लिहा: ‘मालेगाव स्टँड, रिक्षांच्या रांगेशी’. ही चिठ्ठी नसेल तर त्या नाण्याची निम्मी गोष्ट गेली.

ओळखायला छोटं लोहचुंबक जवळ असू द्या. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया त्याला चिकटतो, ऐंशीच्या दशकातला तांबं-निकेलचा चिकटत नाही. ॲल्युमिनियमचे पाच पैसे चौकोनी, दहा पैशांची कड पाकळ्यांची. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली; आठ आणे अजून चालतात, दुकानदार काहीही म्हणो. सालाखाली बघा: पत्त्यातल्या चौकटसारखं चिन्ह मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. (नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात, नाणी नाही.)

मातीत पुरलेलं जुनं नाणं लागलं तर प्रकरण वेगळं. याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र निघाली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. असं काही दिसलं तर उकरू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जागेचा फोटो काढा आणि कळवा. नाणी वाचायला शिकायची हौस असेल, तर त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. एक दिवस काढून तिथे जा, आणि सोबत नातवंडांना न्या.