अपडेट फायरवॉलमध्ये अडकतंय? आधी कोणत्या दरवाजावर ते बघा

लातूरजवळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटूची (ही लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) तीस मशिन्स माझ्याकडे आहेत. एका सकाळी ‘सुडो एपीटी अपडेट’ (एपीटी म्हणजे उबंटूत सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) मारलं, तर ‘0%, कनेक्टिंग टू इन डॉट आर्काइव्ह डॉट उबंटू डॉट कॉम’ एवढ्यावरच गाडी थांबली. शेजारच्या मशिनवर यूट्यूब मस्त चालू. पोरं म्हणाली, “नेट तर चालूय की सर!” (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

संभाजीनगरला 52 दरवाजांचं शहर म्हणतात. कॉम्प्युटरला असे 65,535 दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. यूट्यूब 443 नंबरच्या दरवाजातून येतं. उबंटूची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, मात्र साधारणपणे 80 मधून येतात, आणि सर्व्हरचा पत्ता शोधायला 53 लागतो. 80 बंद आणि 443 उघडा असेल तर नेमकं असंच होतं: सगळं चालतं, अपडेट तेवढं चालत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे एरर शब्दन् शब्द वाचणं. ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आलं तर नावच सापडत नाहीये, म्हणजे 53 किंवा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बघा. बराच वेळ थांबून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर बहुधा फायरवॉल (नेटवरची ये-जा सोडणारा किंवा अडवणारा पहारेकरी) डेटाची पाकिटं गुपचूप गिळतंय. ताबडतोब ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर कुणीतरी तोंडावर नकार देतंय. हा प्रकार फायरवॉलमुळे होतो, तसाच चुकीच्या प्रॉक्सीमुळेही (प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने नेटवर जाणारा मधला सर्व्हर).

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एक भारी एरर आली: ‘क्लिअरसाइन्ड फाइल व्हॅलिड नाही, नोडेटा मिळाला’. एपीटीने पॅकेजांची यादी मागितली आणि कॉलेजच्या फायरवॉलने तिच्या जागी स्वतःचं लॉगिनचं पान पाठवलं! त्या पानावर उबंटूची सही कुठून असणार? ब्राउझर उघडून यूजरनेम-पासवर्ड टाकला, अपडेट सुरू झालं. ज्या सर्व्हरला स्क्रीनच नाही, त्याला नेटवर्कवाल्यांकडून लॉगिनमधून सूट घ्यावी लागते.

आता दोष आपल्या मशिनचा की बाहेरचा, हे ठरवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यावर अपडेट झालं तर मशिन बिनदोष, अडथळा कॉलेजच्या नेटवर्कमध्ये. पिंगवर (समोरचा सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारी कमांड) विसंबू नका. कित्येक ठिकाणी पिंग बंद ठेवलेलं असतं आणि वेब मात्र नीट चालतं. त्यापेक्षा ‘कर्ल डॅश कॅपिटल आय’ आणि पुढे एचटीटीपीसकट मिररचा (पॅकेजांची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता द्या. 200 (म्हणजे सर्व्हरचं ‘ओके’) आलं तर वाट मोकळी. तरीही एपीटी रुसलं असेल तर ‘एपीटी-कॉन्फिग डंप’ चालवून प्रॉक्सीची ओळ शोधा. जुन्या जागेवरची प्रॉक्सी फाइलीत तशीच राहिलेली मी स्वतः तीनदा काढली आहे.

हॉटस्पॉटवरही अडलं तर आपल्याच मशिनचं फायरवॉल, म्हणजे उबंटूतलं यूएफडब्ल्यू, तपासा: ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज’. नेहमीची मांडणी अशी असते, आत येणारं ‘डिनाय’ आणि बाहेर जाणारं ‘अलाउ’. कुणी जास्तीची काळजी घेऊन बाहेर जाणारंही ‘डिनाय’ केलं असेल, तर सगळं फायरवॉल बंद करू नका. हवे तेवढेच दरवाजे उघडा: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ आउट 53’, मग तसंच 80, 443 आणि 123. खात्री हवी असेल तर व्हार फोल्डरमधल्या लॉगमध्ये यूएफडब्ल्यू डॉट लॉग उघडा. ‘यूएफडब्ल्यू ब्लॉक’ लिहिलेल्या ओळीत शेवटाकडे ‘डीपीटी’ असतं, आणि बरोबरीच्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे अडलेला दरवाजा.

123 कशाला, असं वाटेल. तो घड्याळाचा. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यात मदरबोर्डवरचा सेल मेला की तारीख काही वर्षं मागे जाते. मग एपीटी म्हणतं, ‘रिलीज फाइल अजून लागूच झालेली नाही’. 123 उघडा असेल तर घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं. बंद असेल तर तारीख हाताने लावत बसा. सेल बदलणं हाच खरा उपाय.

अडथळा बाहेरचा निघाला तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला “अपडेट होत नाही” एवढंच कळवून उपयोग नाही, उत्तर येतं “आमच्याकडून सगळं ओके आहे”. मशिनचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), नेमकी वेळ, एररची ओळ, आणि कुठल्या नावाला कुठला पोर्ट हवा ते लिहा: आर्काइव्ह, सिक्युरिटी आणि भारताचा ‘इन’वाला मिरर, तिघांना 80. आयपीवर परवानगी मागू नका, सर्व्हरचे आयपी बदलतात, नावावर मागा. 80 काही केल्या उघडत नसेल तर 443 वर बोलणारा मिरर निवडा. सगळेच बोलत नाहीत, तेव्हा आधी कर्लने बघा. आणि 80 वरून आलेलं पॅकेज कुणी मध्येच बदलेल ही भीती असेल, तर एपीटी सही तपासूनच पुढे जातं.

वाट मोकळी झाल्यावरही ‘हॅश सम मिसमॅच’ दिसलं तर बहुधा याद्या अर्धवट उतरल्या आहेत. व्हार, लिब, एपीटी, लिस्ट्स या फोल्डरातल्या फाइली काढून अपडेट पुन्हा चालवा. अपग्रेड मात्र यूपीएसवर लावा. मध्येच लाइट गेलीच तर मशिन चालू झाल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’, मग बाकीचं.